भुसाच्या पोत्यातला खळगा

आमच्याकडं लिंगायताचा माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, आणि निजवून पुरतही नाहीत. त्याला बसवतात. मांडी घातलेली, पाठ ताठ, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग आणि नजर त्या लिंगाकडं. जन्मभर रोज सकाळी ज्या बैठकीत त्यानं पूजा केली, त्याच बैठकीत त्यानं मातीत जायचं. खोल खड्डा घेतात, खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरतात, कोनाड्यात माणूस बसवतात, मग विभूती, बेलाची पानं, मीठ आणि शेवटी माती. मेला असं कुणी म्हणत नाही. लिंगैक्य झाला म्हणतात.

पण मेलेला माणूस आपल्या मनानं बसत नाही. मान पुढं पडते, कंबर मागं घसरते, गुडघे उघडतात. म्हणून गावोगावचे लोक शालीच्या आत पाठीला फळी बांधतात. वरून फळी दिसत नाही, माणूस ताठ दिसतो. आमच्या गावात मात्र कुणाला फळी लागत नव्हती, कारण आमच्या गावात गुरुशांतप्पा होते.

कडगंचीच्या अलीकडं फाटा फुटतो, तिथून आत आलं की काळ्या रानात आमचं गाव. गुरुशांतप्पांचं किराणा दुकान बसवण्णाच्या देवळासमोर, आणि तुरीचं रान ओढ्याकाठी. अंगानं सडपातळ, कपाळावर विभूतीच्या रेघा, अंगात पांढरी बंडी. दुकानात दिवसभर बसायचे, पण मागच्या भिंतीला कधी टेकले नाहीत. माणसं बसवणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. बापाचा हात त्यांच्या हातात आला होता, एवढंच. निरोप आला की दुकान बायकोवर, चन्नव्वावर, टाकून निघायचे. अंग कडक व्हायच्या आत पोचायला हवं, तेवढ्यापुरती घाई. एरवी त्या माणसाला आयुष्यात कसलीच घाई नव्हती.

मेलेल्या माणसाशी ते बोलायचे. गरम पाण्यात हात बुडवून गुडघे चोळत चोळत म्हणायचे, "सावकार, घ्या पाय जरा. लई फिरलात. बसा आता." बाई असली तर, "अक्का, हिकडं नको बघू, लिंगाकडं बघ. लेकरं राहतेत नीट." आणि पाय खरंच वळायचे. खड्ड्यात उतरायला त्यांच्यासोबत सिद्धप्पा असायचा. सिद्धप्पा शेजारच्या रानाचा मालक, वयानं त्यांच्याहून लहान, आडदांड. खड्डा खणायचा आणि कोनाडा कोरायचा तो. बसवायचं गुरुशांतप्पांनी. "कंबर बसली की पाठ आपसूक बसती," असं ते म्हणायचे. खाली मऊ माती भरून बैठक जराशी पुढं कलती करायची, कमरेभोवती बेलाची पानं दाबून भरायची, आणि मग खांदे सोडून द्यायचे. सोडलेले खांदे तिथंच राहायचे. दुसऱ्या गावच्या मयतीला जाऊन आले की चन्नव्वाला म्हणायचे, "फळीवाला होता," आणि पाय धुवायला बसायचे. त्या एका शब्दात त्यांचा सगळा गर्व होता. तो त्यांना शोभायचा.

एकदाच त्यांचा हात चुकला. अक्कम्मा नावाची भाजी विकणारी म्हातारी होती, म्हातारपणानं पार दुमडलेली, चालताना तिला फक्त स्वतःची पावलं दिसायची. ती गेली तेव्हा गुरुशांतप्पांनी तिला खड्ड्यात बसवलं आणि ताठ करायला तिच्या पाठीत गुडघा देऊन खांदे मागं ओढले. आत काहीतरी कडकन वाजलं. वर काठावर अक्कम्माची लेक उभी होती. तिनं दचकून विचारलं, "काय वाजलं?" गुरुशांतप्पा म्हणाले, "लाकूड वाजलं, माय. कुदळीचा दांडा." अक्कम्मा ताठ बसली होती. लेकीनं हात जोडले. पण त्यानंतर बरेच दिवस गुरुशांतप्पा जेवताना मधेच थांबायचे आणि चन्नव्वाला विचारायचे, "काय वाजलं गं?"

पुढं वर्षं गेली. पोरगा प्रभुलिंग कॉलेज शिकला आणि दुकानात बसायला लागला. आणि एका उन्हाळ्यात, एका जाड माणसाला बसवताना, गुरुशांतप्पांनी त्याच्या काखेत हात घालून उचललं आणि खड्ड्यात पुन्हा तसाच आवाज झाला.

"सिद्धप्पा," ते हळू म्हणाले, "ह्याचं काही मोडलं काय रे?"

सिद्धप्पानं मेलेल्याची पाठ चाचपली, खांदे चाचपले. "न्हाई अण्णा. ह्याचं सगळं जागंवर हाय."

मग गुरुशांतप्पा खालीच बसले. मोडलं होतं ते त्यांचं स्वतःचं.

त्या दिवशी सिद्धप्पानं त्यांना पाठीवर घेऊन वर काढलं. वर उभे असलेले लोक हसले, की आज बसवणाऱ्यालाच उचलावं लागलं. गुरुशांतप्पाही हसले. म्हणाले, "आता वय झालं, बाबांनो."

वय झालं. ह्या दोन शब्दांनी आमच्याकडं किती म्हातारी माणसं गिळली असतील. कंबर दुखली की वय झालं, भूक गेली की वय झालं. चन्नव्वानं विटकर तापवून शेकलं, एरंडाचं तेल चोळलं. प्रभुलिंगानं आळंदच्या मेडिकलातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं. मग दुसरी. उन्हाळा गेला, तूर पेरून झाली, तूर गुडघ्याला आली, गोळ्या चालूच. पण आता त्यांना तहान लागायची, तांब्यामागून तांब्या पाणी. तोंड पांढरं पडलं. आणि एक दिवस दुकानात गिऱ्हाइकानं साखर मागितली तर त्यांनी मीठ बांधून दिलं. मीठ कुठं आणि साखर कुठं हे त्या दुकानात आंधळ्यालाही कळलं असतं. प्रभुलिंग घाबरला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना कलबुर्गीला घेऊन गेला.

दवाखाना मोठा होता. रक्त घेतलं, लघवी घेतली, मग फोटो काढायच्या खोलीत नेलं. तिथला माणूस म्हणाला, "गळ्यातलं काढा."

"हे निघत न्हाई," गुरुशांतप्पा म्हणाले. गळ्यात चांदीच्या चौक्यात, लहानशा डबीत, त्यांचं लिंग होतं. अंगापासून लिंग वेगळं झालं तर आमच्याकडं त्या माणसाला जिवंत धरत नाहीत.

"मग फोटो बी निघत न्हाई."

"नको निघू दे."

प्रभुलिंग हात जोडायला लागला. तेवढ्यात एक नर्स आत आली. पंचशीला तिचं नाव, माहेर हुलसूरचं, बौद्धांच्या घरची. मराठी ऐकून थांबली. म्हणाली, "अज्जा, काढू नका. मुठीत धरा आन् हात लांब करा. लिंग अंगालाच हाय, फोटुच्या वाटंत न्हाई. झालं का?"

गुरुशांतप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं. "तू कुणाची गं, पोरी?"

"तुमचीच. श्वास धरा आता."

फोटो निघाला. मग कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला. सुई आत जाताना गुरुशांतप्पांनी पंचशीलाचा हात असा दाबला की तिच्या बोटांवर वळ उठले. ती म्हणाली, "दाबा. माझ्या हाडांना काही झालं न्हाई अजून."

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. शांत बाई होत्या, कानडी बोलायच्या, सावकाश. त्यांनी फोटो उजेडाकडं धरला. कवटीवर आणि बरगड्यांत गोल गोल भोकं होती, टोचणीनं टोचल्यासारखी. पाठीचा एक मणका चेपला होता. त्या म्हणाल्या, ह्या रोगाला मायलोमा म्हणतात. रक्ताचा कॅन्सर आहे, पण तो हाडाच्या आत, मगजात राहतो आणि तिथूनच हाड खातो. हाडातला चुना रक्तात उतरला म्हणून ती तहान, म्हणून ते मीठ आणि साखर. आणि दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण आला आहे, त्या आजपासून बंद.

प्रभुलिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुशांतप्पा फोटोकडंच बघत होते.

"म्हणजे शेंगंतली अळी," ते म्हणाले. "तुरीची शेंग वरून टम्म दिसती. फोडली की आत नुसतं भोक."

"तसंच," बाई म्हणाल्या.

"मग फवारा कुठला?"

बाई किंचित हसल्या. म्हणाल्या, "फवारा आहे. पण तरुण माणसाला पोटभर देता येतं, तुम्हाला चमच्यानं द्यावं लागेल. जास्त दिलं तर अळीआधी शेंगच जाईल. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत इंजेक्शन, त्याच दिवशी काही गोळ्या जेवणानंतर, आणि महिन्याला हाडांसाठी एक सलाईन. रोग मुळातून जाणार नाही. दबून राहील. किती दिवस ते मी सांगू शकत नाही."

"मला तेवढं नको सांगू," गुरुशांतप्पा म्हणाले. "मला एकच सांग. बसता येईल का?"

बाईंना वाटलं, जेवायला बसायचं, दुकानात बसायचं. त्या म्हणाल्या, "दुखणं उतरलं की बसता येईल. पण चेपलेला मणका परत उभा राहत नाही, अज्जा. आपण राहिलेले वाचवायचे. त्यासाठी हा पट्टा. उठताना, बसताना, दिवसभर."

त्यांनी टेबलावर पट्टा ठेवला. छातीपासून कमरेपर्यंत येणारा, पुढं पट्ट्या आवळायच्या, आणि मागं, बरोबर पाठीच्या कण्यावर, एक कडक पाट.

गुरुशांतप्पांनी तो पाट बोटानं वाजवला. टक् टक्. त्यांचा चेहरा बदलला.

"ही तर फळी हाय."

"हां, आधाराला."

"मेलेल्याला लावली न्हाई मी कधी. जिवंतपणी मलाच लावायलीस व्हय?"

कुणी किती सांगितलं तरी त्यांनी तो पट्टा अंगाला लावला नाही. प्रभुलिंगानं सांगितलं, पंचशीलानं रागावून सांगितलं. पट्टा घरी आला आणि दुकानाच्या मागच्या खुंटीवर लटकला. शहाणा माणूस कुठं अडखळतो हे त्याच्या शहाणपणावरूनच कळतं. दुसऱ्या कुणा म्हाताऱ्यानं तो पट्टा मुकाट्यानं बांधला असता. हे गुरुशांतप्पा होते.

चन्नव्वानं मग दुसरी वाट काढली. खळ्यावर मागच्या सुगीचं तुरीचं भूस पडलेलं होतं. तिनं तागाचं पोतं सैलसर भरलं, तोंड शिवलं आणि देवघराच्या भिंतीला लावलं.

"हे काय?" ते म्हणाले.

"फळी न्हाई. भूस हाय. तुमच्याच रानातलं."

"मी टेकून पूजा करत नसतो."

"टेकू नका. ते तुमच्या मागं बसतंय नुसतं. त्याला बी पूजा बघू द्या."

गुरुशांतप्पांना हसू आलं आणि हसताना पाठीत कळ आली, आणि कळ आली म्हणून ते मागं टेकले. भूस दबलं. पाठीला जिथं बाक होता तिथं पोतं आत गेलं, जिथं खळगी होती तिथं वर आलं. ते तसेच बसून राहिले. मग डावा तळहात डोळ्यांपुढं धरला.

औषध लागू पडलं. हे सांगताना मला आजही बरं वाटतं. हिवाळा आला तोवर तहान गेली, तोंडावर रंग आला. आठवड्याचा तो एक दिवस मात्र घरादाराचा परीक्षेचा दिवस. गोळ्या पोटात गेल्या की गुरुशांतप्पांच्या अंगात वारं शिरायचं. दुकानातले डबे उतरवायचे, पुसायचे, परत लावायचे, आल्यागेल्याला थांबवून जुन्या गोष्टी सांगायचे. चन्नव्वा दारातूनच गिऱ्हाइकाला म्हणायची, "आज गोळीचा दिवस हाय. पाहिजे ते घे आन् पळ, न्हाईतर निजामाच्या काळापासून ऐकावं लागंल." आणि तिसऱ्या दिवशी तेच गुरुशांतप्पा पिळून काढलेल्या कपड्यासारखे भुसाच्या पोत्याला टेकून बसलेले, कुणी हाक मारली तरी ओ देणार नाहीत.

इंजेक्शनाला कलबुर्गीला जायचे तेव्हा पिशवीत पंचशीलासाठी कधी तुरीच्या हिरव्या शेंगा असायच्या, कधी शेंगदाण्याची चटणी. ती विचारायची, "अज्जा, पायाला मुंग्या येत्यात का?"

"मुंग्या न्हाईत. पायच न्हाईत. जमीन कुठं हाय ते बघून पाय टाकतो."

ती ते डॉक्टरीणबाईंना सांगायची, बाई इंजेक्शन लांबवायच्या, थोडं कमी करायच्या. असं चमच्यानं चाललं होतं. "पट्टा घातलाव का?" हेही ती दर वेळी विचारायची. ते खिडकीबाहेर बघायचे.

त्या हिवाळ्यात गावात एक मयत झाली. गुरुशांतप्पांना खड्ड्यात उतरू द्यायचा प्रश्न नव्हता. सिद्धप्पानं त्यांना काठावर खुर्ची टाकून दिली. ते वरून बोलत होते, खाली सिद्धप्पा आणि प्रभुलिंग करत होते. "कंबर पुढं घे. अजून. आता पानं भर. खांदे सोड. सोड म्हणतोय की रे!" प्रभुलिंगानं भीत भीत हात सोडले. माणूस बसला. पोराचं तोंड वर झालं तर बाप डोळे पुसत होता. घरी येताना ते सिद्धप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं बी असंच व्हायला पाहिजे. औषध मी त्याच्यासाठी घ्यायलोय. जगायला कुणाला पाहिजे? सरळ राहायला पाहिजे."

तेव्हा घरच्यांना कळलं की कलबुर्गीच्या त्या खोलीत त्यांनी 'बसता येईल का' असं विचारलं होतं, ते कुठल्या बसण्याबद्दल.

पुढच्या वर्षी तूर फुलोऱ्यात होती. सगळं रान पिवळं. प्रभुलिंग आळंदहून माल घेऊन आला होता. त्यानं लाल मिरचीच्या पोत्याची शिवण उसवली, धस दुकानभर उडाली, आणि गुरुशांतप्पांना शिंक आली.

एक शिंक. तिनं त्यांचे आणखी दोन मणके चेपले.

ते ओरडलेसुद्धा नाहीत. गल्ल्याच्या लाकडाला दोन्ही हातांनी धरलं आणि तसेच पुढं वाकले. आणि मग ते परत कधी वर आले नाहीत. छाती पोटावर आली. उभे राहिले की त्यांना स्वतःची पावलं दिसायची. अक्कम्माला दिसायची तशी.

घरी खाटेवर कुशीवर निजवल्यावर पहिलं वाक्य ते प्रभुलिंगाशी बोलले. "आण ती फळी."

प्रभुलिंगानं खुंटीवरचा पट्टा काढला, धूळ झटकली, अंगाला लावून बघितला. पाट सरळ होता आणि पाठ गोल झाली होती. पुढच्या पट्ट्या जुळेनात. जरा आवळायला गेला तर बापाच्या तोंडातून कधी न ऐकलेला आवाज आला. प्रभुलिंगानं पट्टा सोडला आणि अंगणात जाऊन तोंडात उपरणं कोंबून रडला. गुरुशांतप्पा आतून म्हणाले, "रडू नको. तिनं सांगितलेलं. मीच ऐकलो न्हाई."

कलबुर्गीला नेलं. रक्तात रोग परत वर आला होता. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, आधीचं औषध आता पुरत नाही. दुसरं आहे, देऊन बघता येईल. पण मूत्रपिंडं थकली आहेत, ताकद कमी आहे. दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागतील, आणि लाभेलच असं नाही. न द्यायचं ठरवलं तरी आपण सोडून देणार नाही. दुखणं थांबवायचं औषध भरपूर देऊ. ठरवा.

प्रभुलिंग म्हणाला, "द्या, मॅडम. काय असंल ते द्या."

गुरुशांतप्पांनी पंचशीलाला हाक मारली. मान वर होत नव्हती म्हणून ती त्यांच्यापुढं खाली फरशीवर बसली.

"पोरी, तुझा बाप असता तर काय केली असतीस?"

ती म्हणाली, "मी त्यानला इचारले असते, तुमाला काय पाहिजे म्हणून. आन् ते सांगतील ते गपचिप केले असते. भांडून, पण केले असते."

"मला घरी जायचंय. भुसाच्या पोत्याला टेकायचंय."

प्रभुलिंग भांडला. बापाशी भांडला, पंचशीलाशी भांडला. गाव आलं तेव्हा त्यानं बापाला लेकरासारखं उचललं आणि नेऊन पोत्याला टेकवलं. बापाचं वजन त्याला लागलंच नाही. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

दुखण्याच्या नव्या गोळ्यांनी कळ उतरायची. चन्नव्वा सकाळी त्यांना अंघोळ घालायची, विभूती लावायची आणि पोत्याला टेकवायची. आता पोत्यात मोठा खळगा पडला होता. त्यांची पाठ त्यात जशीच्या तशी बसायची. छाती वाकलेली, डोकं पुढं आलेलं. डावा हात वर उचलवत नव्हता, मांडीवरच असायचा. पण मान इतकी खाली आली होती की हात उचलायची गरजच उरली नव्हती. लिंग आपसूक डोळ्यांपुढं यायचं.

एका दुपारी सिद्धप्पा आला. पायाशी बसला. तुरीचं, पाण्याचं, कुणाच्या म्हशीचं बोलला. मग गुरुशांतप्पांनी मधेच विषय काढला.

"सिद्धप्पा, ते लाकूड न्हवतं वाजलं."

कुठलं लाकूड, असं सिद्धप्पानं विचारलं नाही. म्हणाला, "ठाऊक हाय की, अण्णा. मी बी खड्ड्यातच होतो."

"मग बोलला कामून न्हाईस इतकी वर्षं?"

"तुम्ही कामून न्हाई बोललाव?"

गुरुशांतप्पा खाली बघूनच हसले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मला दाबू नगा रे. लोक म्हणतील, वाकडा कसा बसवायचा, करा सरळ. दोघं धरतील आन् गुडघा देतील. मला ठाऊक हाय, मी दिलोय. तू तेवढं करू देऊ नको. फळी लावायची असली तर लाव. चालंल मला. फळीवाला म्हणू दे गाव."

आयुष्यभर ज्या शब्दावर तो माणूस थुंकला, तोच शब्द तो स्वतःसाठी मागत होता.

"फळी बी वाकड्या पाठीला लागत न्हाई, अण्णा," सिद्धप्पा म्हणाला.

"मग काय करशील?"

"बघतो की मी. तुम्ही नगा काळजी करू. तुमच्यापुरतं मी बघतो."

थंडीत त्यांना खोकला झाला, मग ताप. ह्या रोगात अंगाची राखण करणारं रक्तच नासतं, असं बाई म्हणाल्या होत्या. दोन-तीन दिवस छातीत घरघर होती. एका सकाळी चन्नव्वा ज्वारीची आंबील चमच्यानं पाजत होती, ते कुशीवर निजले होते. त्यांनी तोंड मिटलं. तिनं वाट बघितली. चमचा तसाच हातात राहिला.

निरोप गावभर गेला. आमच्याकडं सुतक नसतं, लिंगैक्य माणसाला सगळे शिवतात. अंघोळ झाली, विभूती लागली. कोरं धोतर नेसवलं. आणि मग जमलेल्यांच्या लक्षात आलं की ह्या गावात माणसं बसवणाराच आज पुढं पडला आहे. बाहेरगावचे एक पाहुणे होते, वयस्क, जाणते. ते म्हणाले, "असं चांगलं दिसत न्हाई. मान पार मांडीत जायलीय. दोघंजण धरा, गरम पाणी सोडा, हळूहळू सरळ होतंय. न्हाईतर फळी आणा."

दोन तरणे पुढं झाले. प्रभुलिंग बापाच्या पाठीवर आडवा हात धरून उभा राहिला. "कुणी हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. पण मग काय करायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं सिद्धप्पाला शोधलं.

सिद्धप्पा देवघरात होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर ते भुसाचं पोतं होतं, झोपलेलं मूल न्यावं तसं आडवं, हलू न देता. तसाच ओढ्याकाठच्या रानात गेला. खड्डा तोवर खणून झाला होता. काळी माती वर आणि खाली मऊ पिवळट मुरूम. तो पोतं घेऊन आत उतरला, ते समोर ठेवलं, आणि खुरप्यानं कोनाडा कोरायला लागला.

वर माणसं जमली. खालून फक्त खुरप्याचा खरखर आवाज. सिद्धप्पा एक तळहात पोत्यातल्या खळग्यावरून फिरवायचा आणि दुसरा कोनाड्याच्या मागच्या भिंतीवरून. इथं खोल, इथं कमी. इथं मणका बाहेर आलेला, तिथं मुरमात बोटभर जागा. परत पोत्यावर हात, परत भिंतीवर. पाहुणे काठावरून म्हणाले, "अरे, सरळ कोर की. भिंत कामून वाकडी करायलास?"

सिद्धप्पानं तिथंच आणखी बोटभर मुरूम खरवडला.

गुरुशांतप्पांना आणलं. खाली सिद्धप्पा आणि प्रभुलिंग, दोघांनीच घेतलं. प्रभुलिंगानं हात गरम पाण्यात बुडवून आणले होते. त्यानं बापाचे गुडघे धरले.

"अप्पा, घ्या पाय जरा."

पाय वळले.

"लई बसवलाव लोकांना. बसा आता तुम्ही."

बैठक जराशी पुढं कलती केली. कमरेभोवती बेलाची पानं दाबली. मग सिद्धप्पानं त्यांना सावकाश मागं नेलं. त्या वाकड्या भिंतीनं ती पाठ घेतली. कुठं फट राहिली नाही, कुठं माती टोचली नाही. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मान खाली होतीच. डोळे बरोबर लिंगावर.

"सोड खांदे," सिद्धप्पा म्हणाला.

प्रभुलिंगानं सोडले.

वरून चन्नव्वा बघत होती. तिनं पदर तोंडावरून काढला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "घरी बसतेत तसेच बसलेत बघ."

मग विभूती, मग पानं, मग मीठ. अक्कम्माची लेक आता स्वतः म्हातारी झाली आहे. तिनंही काठावर गुडघे टेकून मूठभर माती सोडली. सिद्धप्पा पोतं उसवून सगळं भूस गुरुशांतप्पांच्या मांडीभोवती ओतेपर्यंत खालीच होता. खड्डा भरेपर्यंत सगळे कान देऊन उभे होते. काहीच वाजलं नाही.